जुन्या गाडीचं इंजिन माउंटिंग घरी बदलताना

गाडी जुनी झाली की थरथरणारच, असं धरून चालणारे मालक खूप आहेत. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग हातात गुणगुणतं, डॅशबोर्ड खडखडतो, पहिल्या गिअरला क्लच सोडताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो आणि रिव्हर्सला पुन्हा तोच. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या मारुती 800, आल्टो, वॅगनार, सँट्रो अशा गाड्यांत हे सर्रास दिसतं. यातला बराचसा त्रास वयाचा नसून इंजिन ज्यांच्यावर टेकतं त्या तीन-चार रबरी तुकड्यांचा, म्हणजे इंजिन माउंटिंगचा असतो. ते बदलले की गाडी पुन्हा शांत चालते. ज्याच्याकडे चांगला जॅक, सपाट जागा आणि एक मोकळा दिवस आहे, त्याला हे काम घरी नक्की जमतं.

दुकानात माउंटिंग मागितलं तर मिळेल, पण जुने मिस्त्री त्याला ‘फाउंडेशन’ही म्हणतात. वस्तू तीच.

रबरावर नेमका भार किती

कामाला हात घालण्याआधी हे समजून घ्या, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना यातूनच येते.

या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स व डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) त्यालाच बोल्टने जोडलेले असतात. हा अख्खा गठ्ठा तीन किंवा चार माउंटिंगवर टेकतो. साधारणपणे एक टायमिंग बेल्टच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला, आणि उरलेलं एक किंवा दोन मागे-पुढे. पहिली दोन मुख्यतः वजन पेलतात. मागची-पुढची गठ्ठ्याला गोल फिरण्यापासून अडवतात.

हे फिरणं किती जोराचं असतं, त्याचा अंदाज सहसा येत नाही. आल्टोच्या 796 सीसी इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 62 न्यूटन-मीटरच्या घरात. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल मिळून तो सुमारे 15 पट करतात, म्हणजे चाकांपाशी 900 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर जातो. डिफरन्शिअल त्याच गठ्ठ्यात असल्यामुळे तेवढाच जोर उलट दिशेने माउंटिंगवर येतो. पुढे निघताना इंजिनाचा वरचा भाग मागे झुकतो, रिव्हर्सला पुढे येतो. म्हणून आवाज नेमका पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला येतो, आणि म्हणूनच मागचं-पुढचं माउंटिंग बहुधा आधी फाटतं.

थरथरीचं गणित वेगळं. तीन सिलेंडरचं इंजिन 850 आरपीएमला (मिनिटाला 850 फेऱ्या) चालतं तेव्हा सेकंदाला साधारण 21 स्फोट होतात, शिवाय तीन सिलेंडरच्या रचनेमुळे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलतही राहतं. हे सगळं रबराने गिळायचं असतं. रबर कडक झालं किंवा बसकं झालं की लोखंड लोखंडाला टेकतं आणि प्रत्येक हादरा थेट बॉडीत उतरतो.

आधी खात्री, मग खरेदी

थरथर आहे म्हणजे माउंटिंगच गेलं असं नाही. एखादा सिलेंडर नीट पेटत नसेल तरी गाडी अशीच हलते. तेव्हा आधी स्पार्क प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी आणि आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) तपासून घ्या. सायलेन्सरचा आवाज अडखळत येत असेल, तर माउंटिंग राहू द्या आणि मिसिंगच्या, म्हणजे न पेटणाऱ्या सिलेंडरच्या, मागे लागा. आवाज एकसारखा आहे, आयडलिंगला थरथर आहे आणि आरपीएम थोडा वाढवला की ती निघून जाते, अशी लक्षणं असतील तर संशय माउंटिंगवर घ्यायला हरकत नाही. थरथर फक्त वेग धरताना येत असेल आणि उभ्या गाडीत नसेल, तर एक्सलच्या आतल्या जॉइंटकडेही पाहा.

आता प्रत्यक्ष चाचणी. बॉनेट उघडा, हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडी चांगली चालवता येणाऱ्या कुणाला तरी आत बसवा. त्यांनी पायाचा ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकायचा, क्लच अगदी हळू सोडत इंजिनाने पकड घेतली की क्षणभर थांबायचं आणि लगेच क्लच पुन्हा दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला, फेंडरपाशी उभं राहून इंजिन बघायचं. गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही. सैल कपडे, ओढणी, हातातला दोरा बेल्टपासून लांब. इंजिन सेंटीमीटरभर झुकून परत आलं तर ते सहसा ठीक असतं. दोन-तीन सेंटीमीटर उसळी घेऊन ठोका देत असेल, तर निदान झालं. दोन-तीन वेळा पाहिलं की पुरे, उगाच क्लच जाळू नका.

कोणतं गेलंय ते शोधायला इंजिन बंद करून टॉर्च घ्या. निकामी माउंटिंगमध्ये रबर आणि लोखंडी कवच यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसते. ती नुसती भेग वाटते, पण पहारीने इंजिन जरासं उचकलं की तोंड उघडावं तशी फाकते आणि आत नख सहज जातं. फटीच्या कडेला बारीक लालसर-काळी भुकटी साठलेली असते: झिजलेलं रबर आणि गंज. काहींत रबर फाटलेलं नसतं, पण मधली नळी (जिच्यातून मोठा बोल्ट जातो ती) कवचाच्या मध्यावर न राहता खाली बसलेली असते. तेही गेलेलंच समजा.

रबर कशाने मेलं ते शोधा

माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग हाच.

माउंटिंगचं रबर बहुतेक नैसर्गिक रबर असतं. हादरे सोसायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं क्वचितच, पण खनिज तेल त्याला अजिबात चालत नाही. तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडापासून सुटतं. त्यामुळे माउंटिंगवर ऑइलचा ओला थर दिसला, तर ते कुठून येतंय ते आधी बघा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल सील, पॉवर स्टिअरिंगचा पाइप, हे नेहमीचे गुन्हेगार. गळती तशीच ठेवून नवं माउंटिंग बसवलं, तर तेही त्याच वाटेने जाणार.

दुसरं कारण वॉशिंग सेंटरवर मिळतं. गाडी खालून चकचकीत दिसावी म्हणून डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंगचे रबरी बूट, सगळ्यांना ते मारक. ‘डिझेल मारू नका’ असं गाडी आत घेण्याआधीच सांगा. साधं पाणी आणि शॅम्पू पुरतो.

बाकी उष्णता, खड्डे आणि न दिसलेले गतिरोधक आहेतच. किनारपट्टीवरच्या गाड्यांत रबराआधी बोल्ट गंजतात, त्याचा मुद्दा पुढे येईल.

माल घेताना

गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. चेसिस नंबर घेऊन जा, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात ब्रॅकेट बदललेलं असू शकतं. शक्य असेल तर कंपनीचं ओरिजिनल घ्या. बाहेरच्या चांगल्या मेकचंही चालतं, पण अगदी स्वस्त मालात रबर कडक असतं. ते फाटत नाही, म्हणून टिकाऊ वाटतं, आणि थरथर मात्र पहिल्यापेक्षा वाढवून ठेवतं. रेसिंगसाठीची पॉलियुरेथेनची माउंटिंग रोजच्या गाडीत याच कारणासाठी नकोत.

पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात माल हातात घेऊन बघा. रबर अंगठ्याने दाबा, किंचित वाकवा. पृष्ठभागावर बारीक जाळीदार भेगा दिसल्या तर तो माल वर्षानुवर्षं फळीवर पडून आहे, परत द्या. जुना भाग सोबत असेल तर दोन्ही शेजारी ठेवून उंची, भोकांचं अंतर आणि बाण किंवा खूण कोणत्या दिशेला आहे ते ताडून पाहा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारातून ब्रॅकेट आणायला हरकत नाही, पण रबर कधीही जुनं आणू नका. ते तुमच्या रबराइतकंच म्हातारं असतं.

फटीत ट्यूबच्या पट्ट्या ठोकणं किंवा सीलंट भरणं, असले उपाय मी कुणाला सुचवत नाही. आवाज थोडे दिवस थांबतो, पण रबराची सुटलेली पकड त्याने परत येत नाही.

एक फाटलं असेल तर बाकीचीही त्याच वयाची असतात. पैशाची सोय असेल तर पूर्ण संच बदला. नसेल, तर निदान मागचं-पुढचं जोडीने बदला.

जागा आणि हत्यारं

जमीन सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या पार्किंगमधली कोबा किंवा काँक्रीटची जागा उत्तम. उतार, माती, हलणारे पेव्हर ब्लॉक नकोत.

दोन टनी हायड्रॉलिक ट्रॉली जॅक लागेल, मित्राकडून किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा. गाडीसोबत आलेला कात्री जॅक फक्त पंक्चरसाठी आहे. गाडी उचलायचीच असेल तर लोखंडी स्टँडची जोडी पाहिजेच. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाखाली कोणतीही सूचना न देता फुटतात, ते गाडीखाली नकोतच.

याशिवाय एक जाड फळी, इंचभर जाडीची आणि ऑइल पॅनचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भागाचा) बराचसा तळ व्यापेल एवढी. 12, 14 आणि 17चे सॉकेट, रॅचेट, एक्स्टेन्शन, 12-13, 14-15 आणि 16-17चे रिंग पाने, लांब टॉमी, छोटी पहार, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मार्कर, सुरक्षा चष्मा. टॉर्क पाना असला तर फार बरं.

या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत एक सोय आहे: टायमिंग बाजूचं आणि गिअरबॉक्स बाजूचं माउंटिंग बहुतेक वेळा वरूनच, चारही चाकं जमिनीवर ठेवून निघतं. गाडी उचलावी लागते ती मागच्या माउंटिंगसाठी. पहिल्यांदाच करत असाल तर वरच्या दोघांपासून सुरुवात करा.

प्रत्यक्ष काम

आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. आधी वायर ब्रशने गंज झाडा, नाहीतर स्प्रे आट्यांपर्यंत पोचतच नाही. जे रबर तसंच राहणार आहे त्याच्यावर फडकं टाका.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. चाकांना मागून-पुढून अडवणारे ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टार्टरची जाड वायर गिअरबॉक्सच्या आसपासच असते आणि पाना तिला लागला तर ठिणगी उडते. गिअरबॉक्स बाजूच्या माउंटिंगसाठी बऱ्याच गाड्यांत बॅटरी आणि तिचा ट्रे काढावाच लागतो. टायमिंग बाजूला कूलंटची बाटली हलवावी लागेल. एसीचे पाइप मात्र उघडू नका.

आता प्रत्येक ब्रॅकेटचा मोबाइलवर फोटो काढा आणि बॉडीवर ब्रॅकेटच्या कडेने मार्करने रेघ ओढा. पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन त्यावर माउंटिंगचं ओबडधोबड चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचत जा. एकाच माउंटिंगला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि ब्रॅकेट सैलच राहतं.

जॅक ऑइल पॅनखाली सरकवा, मधे फळी. फळी ड्रेन नटवर टेकू देऊ नका. पॅनचा पत्रा पातळ असतो आणि ऑइल शोषणारी जाळी त्याच्या तळाच्या अगदी जवळ असते. पत्रा आत दबला तर ऑइलचा रस्ताच अडतो. ॲल्युमिनियमचा पॅन असेल तर तो थेट तडकतो. गिअरबॉक्सच्या बाजूचं काम करताना जॅक गिअरबॉक्सच्या कवचाखाली घेणं चांगलं.

जॅक इथे इंजिन वर चढवण्यासाठी नाही, फक्त त्याचा भार घेण्यासाठी आहे. थोडा-थोडा दट्ट्या मारत माउंटिंगकडे बघत राहा. दबलेलं रबर फुलतं, मधली नळी वर सरकते, आणि मोठा बोल्ट पान्याने एकदा सैल केल्यावर बोटांनी फिरायला लागतो. हाच तो क्षण, इथे थांबा. बोल्ट अजून अडकत असेल तर भार जास्त किंवा कमी आहे. जॅक एखादा मिलिमीटर खाली-वर करून बघा, हातोडी नंतर. एकदोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उचललं तर रेडिएटरचे होज, वायरिंग आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप ताणले जातात.

एका वेळी एकच माउंटिंग काढायचं. बाकीची जागेवर असली की इंजिन आपली जागा सोडत नाही. दोन एकदम काढली की गठ्ठा सरकतो आणि भोकं जुळवण्यात दिवस जातो. काढताना इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत बोटं घालू नका.

गंजलेला बोल्ट हटत नसेल तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडवा, पुन्हा स्प्रे, पुन्हा हलवा. झटका देऊन तोडण्यापेक्षा हा वेळ स्वस्त पडतो. डोकं गोल झालेला किंवा आटे खाल्लेला बोल्ट परत वापरू नका. नवा घेताना डोक्यावर 8.8 किंवा जुन्याइतकाच ग्रेडचा आकडा आहे ना ते बघा.

नवं माउंटिंग बसवण्याआधी बसण्याची जागा वायर ब्रशने घासून कोरडी करा. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, निदान चार-पाच आटे. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, त्यात बोल्ट तिरका घालून पाना फिरवला की आटे उडालेच. उडाले तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घेता येतं, पण गिअरबॉक्स गाडीतच असताना ते काम कटकटीचं होतं. भोकं जुळत नसतील तर उंचीसाठी जॅक, मागे-पुढे करायला लाकूड आणि पहार. बोल्ट आवळून इंजिन ओढून घ्यायचा प्रयत्न करू नका.

मागच्या माउंटिंगसाठी गाडीचा पुढचा भाग उचलून ठरलेल्या जॅक पॉइंटखाली दोन्ही स्टँड लावा, मग गाडीला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर खाली शिरू नका. काही गाड्यांत मागचं माउंटिंग म्हणजे ब्रॅकेटमध्ये दाबून बसवलेला बुश असतो. तो घरी हातोडीने ठोकत बसू नका, ब्रॅकेट काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या, थोड्या वेळाचं काम आहे.

टायमिंग बेल्ट बदलायचा किलोमीटर जवळ आला असेल तर तो याच वेळी करून घ्या. अनेक गाड्यांत बेल्टसाठी त्या बाजूचं माउंटिंग तसंही काढावं लागतं. आणि मागचं माउंटिंग काढायला अख्खा क्रॉस मेंबर किंवा सबफ्रेम उतरवावी लागणार असेल, तर तेवढा भाग गॅरेजवर सोपवा.

आवळणं सगळ्यात शेवटी

गाडी जॅकवर असताना, इंजिन थोडं वर किंवा तिरकं असताना बोल्ट पूर्ण आवळला, की रबराचा मधला भाग त्याच तिरक्या स्थितीत जखडला जातो. मग जॅक काढल्यावर इंजिन खाली बसतं आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. नवी माउंटिंग टाकूनही थरथर गेली नाही, किंवा नवं रबर लवकर फाटलं, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. वजन पेलणारी दोन्ही माउंटिंग ब्रॅकेटसह जागेवर बसवा, बोल्ट टेकतील एवढेच आवळा. मग मागचं-पुढचं. जॅक हळूहळू सोडून काढून घ्या, गाडी स्टँडवर असेल तर चाकांवर उतरवा. आता इंजिन बंदच ठेवून दोन्ही हातांनी त्याला मागे-पुढे आठ-दहा वेळा डोलवा. ते आपोआप मधोमध येऊन थांबतं. मार्करच्या रेघांशी ब्रॅकेट जुळतंय का बघा. नवं रबर बसकं झालेलं नसल्यामुळे इंजिन पूर्वीपेक्षा काही मिलिमीटर वर दिसेल, ते बरोबरच आहे.

मग आवळा: आधी वजन पेलणाऱ्यांचे बोल्ट, शेवटी मागच्या-पुढच्यांचे मधले बोल्ट. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज म्हणून, 10 मिमीच्या (हा आट्यांचा व्यास, पान्याचा आकडा नव्हे) 8.8 ग्रेड बोल्टला साधारण 45 ते 55 न्यूटन-मीटर लागतात, 12 मिमीच्याला 80च्या आसपास. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टवर पान्याला पाइप लावून जोर काढू नका.

सुरू केल्यावर

बॅटरी जोडा, गाडी सुरू करा, पाच मिनिटं तशीच चालू द्या. मग एसी लावून बघा, क्लचची चाचणी पुन्हा करा. इंजिन वर आल्यामुळे कुठला होज ताणलेला नाही ना, वायर घासत नाही ना, सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकत नाही ना, हे टॉर्च मारून तपासा. पाइप टेकत असेल तर थरथर तशीच राहते आणि दोष नव्या माउंटिंगवर येतो. सायलेन्सर लटकवणारे रबर याच वेळी बदलून टाका, त्यांची किंमत अगदी किरकोळ असते. ज्या गाड्यांत गिअर दांड्याने पडतात, त्यांत गिअर आधीपेक्षा सहज पडू लागतील, कारण दांडा आता मूळ रेषेत आला.

कडक थंडीत किंवा एसीच्या पूर्ण लोडवर थोडी थरथर राहिली तर घाबरू नका, तीन सिलेंडरच्या गाडीत ती नवी असतानाही होती. आयडलिंग आरपीएम कमी असेल तर मात्र ते ठीक करून घ्या. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर इंजिन थंड असताना सगळ्या बोल्टवर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावून बघा आणि रबराच्या आसपास ताजं ऑइल दिसतंय का तेही पाहा.